रंग्याचं वळण

आमच्या घरातलं पहिलं कुत्रं भाबडं होतं, आणि भाबड्यांचं जे होतं तेच त्याचं झालं. मोत्या त्याचं नाव. हे मी साठी उलटल्यावर लिहिते आहे, आणि लिहिताना अजून माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. वय झालं की राग निवतो असं म्हणतात. माझा निवला नाही, कारण मी त्याला निवू दिला नाही, अधूनमधून फुंकर घालत आले. माझी मुलगी म्हणते, "आई, सोड ना आता, ते माणूससुद्धा गेलं." माणूस गेलं म्हणून काय झालं? मोत्या त्याच्या कितीतरी आधी गेला.

वेल्ह्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाने आमची वाडी. घर मुळात एकच होतं, मधे कुडाची भिंत घालून त्याची दोन केलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे तात्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. अंगण दोघांचं, तुळस दोघांची, देव मात्र तात्यांकडे, कारण ते थोरले. त्या भिंतीला कान लावायची कधी गरज पडली नाही. सकाळी दोन्ही चुलींवर एकदमच भाकऱ्या व्हायच्या आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं कोणती थाप कोणाची. आईची हलकी आणि भराभर, काकूची एकेक जोर काढून मारल्यासारखी. नाचणीची भाकरी, कारळ्याची चटणी, थंडीत हुलग्याचं ऊन ऊन माडगं, आणि नवा तांदूळ घरात आला की आठवडाभर सगळ्या घराला भाताचा वास. शेवटची भाकरी आई मुद्दाम जाड थापायची. ती मोत्याची. तो उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसलेला असायचा आणि तव्यावर शेवटची भाकरी पडली की त्याला कशी कोण जाणे ती ओळखू यायची.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचं आणि तात्यांचं कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला दोन माणसं लागतात आणि दादा त्यातले नव्हते. तात्या बोलायला लागले की दादा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहायचे. तात्यांना हे पक्कं ठाऊक होतं. खाली ओढ्याकडेला दोघांची भातखाचरं शेजारी शेजारी होती, मधे बांध. दरसाल उन्हाळ्यात तात्या कुदळ घेऊन तो बांध आपल्या अंगानं थोडा थोडा कोरायचे आणि निघालेली माती आमच्या अंगाला लोटायचे. असं केलं की बांध चालायला लागतो. माणसाला दिसत नाही, पण चार पावसाळ्यांनी आमच्या खाचरात भाताची एक ओळ कमी लागते. दादांना ते दिसत होतं. ते गप्प राहायचे. गप्प राहत नव्हता तो मोत्या. त्याला बांध कोणाचा हे काय कळणार, त्याला कुदळीचा राग होता. तात्यांनी कुदळ उगारली की तो समोर उभा राहून असा भुंकायचा की वरच्या आळीतली माणसं वाकून बघायची, आणि लोक बघायला लागले की तात्यांना कुदळ खांद्यावर टाकून घरी यावं लागायचं.

वैशाखातली संध्याकाळ होती. मी ओढ्यावरून घागर भरून येत होते. तात्या बांधावर उकिडवे बसले होते, पुढ्यात पळसाचं पान, पानावर मटणाचे तुकडे. "ये रं मोत्या, ये बाळा," असं त्यांनी म्हटलेलं मी ऐकलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, झाली एकदाची दोघांची दोस्ती. मोत्या शेपूट हलवत गेला आणि पान चाटूनपुसून साफ केलं. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. सकाळी तो उंबऱ्याशी आडवा होता, तोंडाला फेस, पाय ताठ. शेतात टाकायच्या औषधाचा जो उग्र वास असतो तो त्याच्या तोंडाला येत होता. आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

मग ती अंगणात गेली. थोरल्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोलत नसे, त्या दिवशी बोलली. आवाज ऐकून वाडीतली माणसं जमली. तात्या दात घासत होते. मिश्रीचं बोट तोंडातून काढून थुंकले आणि म्हणाले, "पिसाळलं आसंल. दिसंल त्याच्या दारात त्वांड घालनारं कुत्रं त्ये. मालकिणीलाच वळण न्हाई, तर कुत्र्याला कुठनं येनार?"

मी पुढं झाले. "म्या बगितलं, तुमीच मटन घातलं त्याला."

"आता शेंबडी पोर साक्ष देनार व्हय?" तात्या हसले, आणि जमलेल्यातले दोघेतिघेही हसले. मी दादांकडे पाहिलं. ते अंगठ्यानं माती उकरत होते. म्हणाले, "शोभे, आत जा."

मी आत गेले. मोत्याच्या जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त मला ते 'आत जा' लागलं. आईला चारचौघांत वळण नाही म्हणाले, मला खोटं पाडलं, आणि माझ्या बापानं मला घरात घातलं. मी पंधराएक वर्षांची असेन. चुलीपुढं बसून मी ठरवलं की तात्यांना मी मारणार नाही, शिव्या देणार नाही, त्यांच्या गोठ्याला आग लावणार नाही. हे सगळं मनात येऊन गेलं होतं, लपवत नाही. मला त्यांना सगळ्यांसमोर खाली मान घातलेलं बघायचं होतं, आणि ते दादांनी बघायला हवं होतं. माझं खरं होतं हे दादांच्या तोंडून निघाल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

माझा मामा कामथडीला राहायचा. फौजेत कुत्री सांभाळायच्या कामावर त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आता पेन्शनीत येऊन शेती करत होता. मोत्याचं कळल्यावर तो नसरापूरवरून एसटीनं आला. कापडी पिशवीत एक पिल्लू, पिशवीतून नाक तेवढं बाहेर. कंडक्टरनं हाफ तिकीट मागितलं म्हणून मामा वाटभर हसत आला होता. पिल्लू तांबूस, कान एक उभा एक पडका. आईनं नाव ठेवलं रंग्या. मामानं मला अंगणात बसवलं आणि विचारलं, "काय शिकवायचंय याला? चावायला?"

"न्हाई," मी म्हटलं. "न खायाला."

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला कौतुक म्हणायचं की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही. तो चार दिवस राहिला आणि त्यानं मला सगळं नीट दाखवलं. "ह्याला लाच देऊ नगं, पगार दे," म्हणाला. "काम करायच्या आधी दिलं ती लाच, केल्यावर दिला तो पगार. लाच खानारं जनावर कुनाचंबी व्हतं." आणि दुसरं म्हणाला, "हात उगारायचा न्हाई. मारलंस तर त्ये मारनाऱ्याला भ्येतं, चुकीला न्हाई भ्येत." खाण्याची परवानगी द्यायला आवाज वापरायचा नाही, कारण आवाज कोणीही काढू शकतो. खूण अशी हवी की कुत्र्याला दिसेल आणि माणसाच्या लक्षात येणार नाही. आम्ही दोघांनी मिळून खूण ठरवली, कानाच्या पाळीला हात लावायचा. बायकामुली दिवसातून कितीदा तरी कानाला हात लावतात, डूल नीट करतात, कोण लक्ष देतंय. वाडीत ही खूण मला आणि आईला तेवढी माहीत. दादांनाही सांगितली नाही. का, ते लिहायला नको.

पावसाळा सगळा घरात गेला. बाहेर धार लागलेली, घरात चुलीचा धूर, ओल्या घोंगड्याचा आणि ओल्या कुत्र्याचा वास, आणि मी रंग्यापुढं भाकरीचा तुकडा ठेवून बसलेली. त्यानं तोंड पुढं केलं की मी तुकड्यावर तळहात ठेवायची. तो मागं झाला की हात काढायची. पुन्हा पुढं, पुन्हा हात. पहिल्या दिवसांत तो रडकुंडीला यायचा आणि मीही. आई म्हणायची, "आगं लेकरू हाय त्ये, खाऊ दे की." मग तीच दुसऱ्या क्षणी म्हणायची, "न्हाई, नगं. शिकीव." हळूहळू तो तुकड्याकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. ज्या दिवशी मी भाकरी ठेवून पाणी भरून आले आणि भाकरी जागच्या जागी, रंग्या तिच्यापुढं बसलेला, लाळेची तार जमिनीला लागलेली, त्या दिवशी मी कानाला हात लावला आणि मग त्याला मिठी मारून रडले. नंतर मी त्याला परक्यांच्या हाती परीक्षेला द्यायला लागले. शाळेतल्या मैत्रिणी लिमलेटच्या गोळ्या पुढं करायच्या, वाटेनं जाणारे धनगर चानी देऊ करायचे. चानी म्हणजे वाळवलेलं मटण, त्यापुढं माणूससुद्धा पाघळतं. रंग्या नाक वळवायचा, आणि वळवायचाही कसा, तर घरी जेवून आलेला पाहुणा 'नको हो' म्हणतो तसा.

आता रविवारी पानशेतला गेलं की पुण्याची कुत्री दिसतात. गळ्यात पट्टे, अंगात सदरे, मालक इंग्रजीत 'सिट सिट' म्हणून घसा कोरडा करतोय आणि कुत्रं शेजारच्या टेबलावरचं पिठलं चाटतंय. माझ्या जावयानं असंच एक पाळलं आहे, त्याला शिकवायला महिन्याच्या महिन्याला एक माणूस येतो. मी काही बोलत नाही. एवढंच म्हणते की त्या कुत्र्याला शिकवण्यामागं कोणाला काही कारण नाही. मला कारण होतं.

न खाण्यापासून सुरुवात झाली आणि बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग आलं. ज्याला समोरच्या घासासाठी थांबता येतं त्याला मग कशासाठीही थांबता येतं. रंग्या कोणाच्या दारात तोंड घालत नसे. लहान पोरांवर उडी मारत नसे. माझ्या डाव्या पायाशी चालायचा, शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेखाली बसून राहायचा, एसटी आली तरी हलायचा नाही. रात्री त्याला आत घ्यायचो आम्ही, तो उतरंडीपाशी पायपुसण्यावर झोपायचा. त्यामुळेच तो वाचला, कारण दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात बिबट्यानं वाडीतली बाकीची कुत्री एकेक करून नेली. बायका आपल्या पोरांना रागे भरताना म्हणायला लागल्या, "त्या रंग्याकडनं शीक जरा." एकदा ओढ्यावर एक म्हातारी आईला म्हणाली, "कुत्र्याला बी काय वळण लावलंय तुमी." आईनं नुसतं 'हं' केलं. घरी आल्यावर मात्र तिनं रंग्याला भाकरीवर तूप घातलं, आणि तूप आमच्याकडे माणसांनाही मोजकं मिळायचं.

तात्यांना हे बघवत नव्हतं. एकदा अंगणात चारजण बसलेले असताना त्यांनी भाकरीचा तुकडा रंग्यापुढं फेकला. रंग्यानं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि तुकडा ओलांडून निघून गेला. "माजलंय," तात्या म्हणाले. कोणीतरी हसलं. मी गोवऱ्या थापत होते, माझे हात शेणात बरबटलेले, पण मला तो दिवस सणासारखा वाटला.

आमच्या भावकीत चंपाषष्ठीला जी रीत आहे ती सांगते. खंडोबाची तळी थोरल्याच्या घरी भरायची, म्हणजे तात्यांकडे. चातुर्मासात वांगं आणि कांदा घरात शिजत नाही, तो नेम त्या दिवशी सुटतो. सकाळपासून दोन्ही चुलींवर वांगी भाजायची, त्यांचा वास वाडीभर, पोरं वेडी व्हायची. बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. पाच पुरुषांनी ताम्हण उचलून येळकोट करायचा, भंडारा उधळायचा. आणि मग घरच्या थोरल्यानं आपल्या हातानं नैवेद्याचं पान कुत्र्यापुढं ठेवायचं. खंडोबाचं कुत्रं ते. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय भावकीतलं कोणी जेवायला बसत नाही. मोत्या होता तेव्हा पान जमिनीला टेकायच्या आत फस्त व्हायचं आणि सगळे हसत पंगतीला बसायचे.

बिबट्या येऊन गेला त्या वर्षी वाडीत कुत्रं उरलेलं एकच होतं.

तात्यांकडे त्या दिवशी भाटघरचे पाहुणेही आले होते, तात्यांच्या मुलाच्या सोयरिकीचं बोलायला. थोरली आत्या आली होती, तात्यांचीही मोठी बहीण, जिच्यापुढं तात्यांची बोलती बंद असायची. तळी झाली. भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. तात्यांनी पान आणून रंग्यापुढं ठेवलं. रंग्या पानासमोर बसला, शेपूट जमिनीला, मान ताठ. त्याची नजर माझ्यावर. मी बायकांच्या मागं खांबाला टेकून उभी होते, दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवलेले.

"घे रं," तात्या म्हणाले. रंग्या हलला नाही. "घे म्हनतो न्हवं?" रंग्यानं तोंड बाजूला केलं.

पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले. काकूनं पान उचलून पुन्हा ठेवलं, कोणी 'यू यू' केलं, कोणी पान पुढं सरकवलं. वांग्याचा वास नाकात, पोटात कावळे, पोरं रडायला लागलेली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कोणी म्हणालं दुसरं कुत्रं आणा, तर दुसरा म्हणाला, कुठनं आणणार, बिबट्याच्या पोटातनं? आणि मग थोरल्या आत्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तात्या, द्येव का घेईना तुझ्या हातचं?"

तात्यांच्या कपाळावरच्या भंडाऱ्यातून घाम ओघळायला लागला. मला एवढंच हवं होतं. देवाशपथ, घरून निघताना मी एवढंच ठरवून आले होते. पण दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "शोभे, तुझं ऐकतंय त्ये. सांग त्याला." आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माझ्या सांगन्यानं न्हाई व्हत दादा. ज्यानं वाढलं त्यानं हात जोडावं लागत्यात."

धादांत खोटं. रंग्याला हात जोडण्याबिडण्याचं काही ठाऊक नव्हतं. ते वाक्य मला कुठून सुचलं मला माहीत नाही. त्या दिवशी देव घरातच होता, त्यालाच विचारा.

"कुत्र्याला हात जोडू?" तात्या म्हणाले.

"द्येवाचं कुत्रं हाय," आत्या म्हणाली. "जोड की. काय झिजत्यात व्हय हात तुझं? पावनी उपाशी बसल्याती."

तात्यांनी हात जोडले. पोटापाशी, अर्धवट, देवळावरून जाताना घाईत माणूस जोडतो तसे. मी कानाला हात लावला नाही. "नीट," मी म्हटलं. "डोळं मिटून. आनि वाकून." आत्यानं मान हलवली. तात्यांनी हात छातीशी घेतले, डोळे मिटले आणि माझ्या कुत्र्यापुढं कमरेत वाकले. सगळी भावकी बघत होती, भाटघरचे पाहुणे बघत होते, दादा बघत होते. मी घाई केली नाही. त्या वाकलेल्या पाठीवर सदऱ्याची शिवण उसवलेली होती, तीसुद्धा मी डोळे भरून पाहून घेतली. मग हात सोडवला आणि डूल नीट केला.

रंग्यानं पान नीटनेटकं खाल्लं, एक कण सांडला नाही. येळकोट झाला. चुलीकडच्या दारात आई तोंडाला पदर लावून उभी होती, माझ्याखेरीज खरी खूण माहीत असलेली तिथं तेवढी एकच. आम्ही घरी आल्यावर ती भांडी लावता लावता म्हणाली, "कानाला हात लावायला लई येळ लावलास गं," आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की दादांनी बाहेरून विचारलं, काय झालं.

त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, कुत्र्याची गंमत झाली. माझ्या मनातला निम्मा हिशोब तसाच राहिला होता, आणि तो पुरा करायला तात्या आपल्या पायानं चालत आले. त्यांची समजूत अशी झाली की या कुत्र्याची किल्ली आता आपल्या हातात आली आहे.

काही दिवसांनी मी आणि दादा खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचत होतो. खळं उंचावर, तिथून खाचरं तळहातासारखी दिसतात. रंग्या खाली ओढ्याकडेला उंदीर हुंगत फिरत होता. तात्या बांधावर आले. इकडेतिकडे पाहिलं, वर खळ्याकडे मात्र पाहिलं नाही. खिशातून पुडकं काढलं, पान पसरलं, पानावर काहीतरी ठेवलं आणि रंग्याला हाक मारली. रंग्या आला आणि शिकवल्याप्रमाणे पानापुढं बसला. मी दादांचा दंड धरला. "दादा, बगा," एवढंच म्हटलं.

तात्यांनी हात जोडले. डोळे मिटले. वाकले. मोकळ्या शेतात, आसपास चिटपाखरू नाही, आणि एक मोठा माणूस कुत्र्यापुढं हात जोडून वाकलेला. रंग्या मान वळवून मला शोधत होता. मी दोन्ही हात पेंढीत खुपसून धरले. तात्यांनी एक डोळा उघडून पाहिलं, पुन्हा मिटला, आणखी वाकले. दादा आधी हसणार होते, त्यांचे ओठ तसे झालेही होते. मग त्यांची नजर पानावर गेली.

"मटन हाय त्ये," दादा म्हणाले. "मार्गेसर चाललाय. वाडीत कुणाच्याबी घरात मटन न्हाई ह्या म्हैन्यात."

माझं बोलून झालं होतं, आदल्या सालच्या वैशाखात, अंगणात. दादांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि ते खाचरात उतरले. मी मागोमाग. तात्यांना चाहूल लागली तेव्हा आम्ही बांधापाशी पोचलो होतो, त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. दादांनी वाकून पान उचललं. नाकाशी नेलं. माझा बाप, ज्यानं थोरल्या भावापुढं कधी मान वर केली नव्हती, त्यानं ते पान तात्यांपुढं धरलं आणि म्हणाला, "तात्या, ह्यातला एक तुकडा तुमी खावा. खावा, मंग म्या काय बोलत न्हाई."

तात्यांनी खाली पाहिलं. मला ते हवं होतं आणि मी ते पाहिलं, आणि मला जितकं गोड लागेल असं वाटलं होतं त्याहून ते गोड लागलं. लोक सांगतात की सूड घेऊन हाती काही लागत नाही. ज्यांनी घेतलेला नाही ते सांगतात.

"मोत्याला बी ह्येच?" दादांनी विचारलं. तात्यांचा पायाचा अंगठा माती उकरत होता.

मी खळ्यावरून कुदळ आणून दिली. दादांनी तिथंच बांधात खोल खड्डा घेतला आणि ते पान पुरलं. मग कुदळ खाली न ठेवता तात्यांच्या अंगानं माती ओढायला लागले. बांध मूळचा जिथं होता तिथं, दगडांच्या जुन्या ओळीवर, त्यांनी तो तिन्हीसांजेपर्यंत परत नेला. तात्या थोडा वेळ उभे राहिले आणि घरी गेले. अंधार पडताना दादा कुदळ धुवायला ओढ्यात उतरले, आणि पाठमोरेच म्हणाले, "तू सांगितलं व्हतंस मला, शोभे. म्याच ऐकलं न्हाई." मी रंग्याला जवळ घेऊन बसले होते.

ही गोष्ट आम्ही वाडीत कोणाला सांगितली नाही. दादांची इच्छा नव्हती, आणि मला तर सांगण्यापेक्षा न सांगण्यात जास्त फायदा दिसला. हात जोडून रंग्या खात नाही हे आता तात्यांना कळलं होतं. पण ते कोणाजवळ बोलायची सोय नव्हती, कारण कसं कळलं हे सांगावं लागलं असतं. त्यामुळे पुढच्या चंपाषष्ठीला थोरली आत्या म्हणाली, "तात्या, हात जोड," तेव्हा त्यांना जोडावे लागले. त्याच्या पुढच्या वर्षीही. माझं लग्न होऊन मी भोरला आले, तरी चंपाषष्ठी मी चुकवली नाही. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, सून फार देवभोळी आहे. मी खांबाला टेकून उभी राहायची, तात्या वाकायचे, वाकून वाकून तिरक्या नजरेनं माझ्या कानाकडे बघायचे, कारण एव्हाना खरी खूण त्यांनाही उमगली होती, आणि मी दरसाल आदल्या वर्षीपेक्षा थोडा जास्त वेळ लावायची. रंग्या म्हातारा झाला, त्याचे दात पडले, तरी थांबायचा.

रंग्या गेला. मागून तात्याही गेले. भावकीत आता ती रीतच पडली आहे. गेल्या चंपाषष्ठीला तात्यांच्या नातवानं नैवेद्य ठेवला. पुण्यात कंपनीत आहे, बायको मोबाईलवर शूटिंग करत होती. कुत्रं कुठलं तरी मोकाट, पान ठेवताच खाऊन मोकळं झालं. तरी हा बाबा हात जोडून, डोळे मिटून, कमरेत वाकून उभा. मग माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, ही रीत आमच्या आजोबांनी सुरू केली ना? बाबा सांगतात, कुत्र्यांवर फार जीव होता त्यांचा."

क्षणभर वाटलं, सांगावं याला खरं काय ते. पण सांगितलं तर पुढच्या वर्षी त्या घरातलं कोणी वाकणार नाही. मी म्हटलं, "हो रे बाळा, फार जीव," आणि पंगतीला जाऊन बसले.